शालिकरामचं बर्गन

कोणाला सांगून पटायचं नाही, आणि न पटलं तरी सांगणाराचं त्यात काही जात नाही. पण बालाघाटातल्या शालिकराम मेश्रामला नॉर्वे देशातलं बर्गन नावाचं बंदर स्वतःच्या आळीपेक्षा जास्त पाठ होतं. कुठल्या बोळातून शिरलं की कुठल्या लाकडी जिन्याखालून बाहेर पडतो, मासळीबाजारातली कुठली फरशी पावसात निसरडी होते, राजाच्या दगडी महालाच्या किती खिडक्या समुद्राकडे उघडतात, सगळं. आणि हा माणूस एका अंगाला तुमसर आणि दुसऱ्या अंगाला गोंदिया, यांच्यापलीकडे आयुष्यात गेला नव्हता. गावाला मात्र त्याने सांगून ठेवलं होतं की पंचावन्न साली खाणीच्या मँगनीजबरोबर आपण आगबोटीत बसलो, चार महिने तिकडे राहिलो आणि आलो. तेरा वर्षांत कोणी त्याला तोंडावर खोटं म्हणालं नव्हतं. खरं मानत होते असंही नाही. पण गोड लागणाऱ्या गोष्टीची पावती कोण मागतो?

तर असा हा शालिकराम माघातल्या एका बुधवारी सकाळी स्टेशनाकडून घरी येत होता, आणि चौकात भाजी घेऊन बसलेली कमला त्याला बघून पदर तोंडाला लावून हसायला लागली.

“काकाजी, दुसरी चप्पल कोनाले दान देली?”

त्याने खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता, घोट्यापर्यंत धुळीने माखलेला, आणि टाचेशी बाभळीचा एक काटा मोडून बसला होता. त्याच्याभोवती रक्त येऊन वाळूनही गेलं होतं. पाय त्याचाच होता, अंगठ्याचं चिरलेलं नखही ओळखीचं होतं. पण शालिकराम त्याच्याकडे बघत राहिला, रेल्वेच्या बाकावर कोणी विसरून गेलेल्या गाठोड्याकडे बघावं तसा. चप्पल कुठे निघाली? काटा कधी शिरला? आपण इतका रस्ता चाललो तेव्हा हा पाय कोणाबरोबर चालत होता?

“बर्गनमंदी असंच चालते, कमलाबाई,” तो म्हणाला. त्याची जीभ नेहमीच पायांच्या चार पावलं पुढे असायची. “एक पाय उघडा ठेवाचा. समुद्राले भरती आली का त्याले आधी समजते.”

“अगा बाप्पा! अन् दुसरा पाय?”

“तो सरकारी. त्याले बूट.”

कमला हसली, शेजारची कांदेवाली हसली, आणि तोही हसला. पण हसू मानेच्या खाली उतरलं नाही. घरी तसंच जायची सोय नव्हती. बायकोने, रुख्माबाईने, पाय पाहिला असता. तो उलटा फिरला आणि आल्या वाटेने चप्पल शोधत निघाला, एकेक पाऊल डोळ्यांनी मोजत, कारण आता पायावर भरवसा राहिला नव्हता.

लाकडाच्या डेपोशी आल्यावर नेहमीसारखा वास आला. सागाचे ओंडके एकावर एक रचलेले, त्यांच्या तोंडांवर हातोड्याने ठोकलेले नंबर, थंडीतलं पातळ ऊन आणि भुशाचा गोडसर, तोंडाला कोरड आणणारा वास. हा वास बालाघाटचा आहे असं शालिकरामला कधी वाटलंच नव्हतं. तो बर्गनच्या धक्क्यावरचा होता. पाण्याच्या काठाने लाकडी घरांची ती रांग, तांबडं, पिवळं, पांढरं, पुन्हा तांबडं, टोकदार छपरांची, पंगत उठायच्या वेळी पेंगुळलेल्या पाहुण्यांसारखी एकमेकांच्या खांद्यावर कललेली. मधले बोळ इतके अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंत व्हायचं. पायाखाली फळ्या, डोक्यावर फळ्या, वाळवलेल्या माशाचा वास, आणि बाहेर सतत, न रागावता पडणारा पाऊस. त्या घरांत जुन्या काळी परदेशी व्यापारी राहायचे, आणि त्यांना घरात आग पेटवायची बंदी होती. सगळं लाकूडच, एक ठिणगी पडली की शहर खाक. म्हणून त्या बर्फाळ मुलखात ती माणसं सबंध हिवाळा बिनआगीच्या खोल्यांत झोपायची. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शालिकरामने विचारलं होतं, “बाबूजी, त्यायचे हातपाय बधिर नसन होत?” दुलीचंदबाबू पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले होते, “होते होंगे, भाई. इस में तो नहीं लिखा.”

हे दुलीचंदबाबू खाणीच्या ऑफिसातले कारकून. चोपन्न साली मँगनीज तपासायला तिकडचा एक लालबुंद साहेब आला होता, तो जाताना त्यांना एक कॅलेंडर देऊन गेला, बारा महिन्यांची बारा चित्रं, आणि शहर बघायला येणाऱ्यांसाठी छापलेलं एक पातळ पुस्तक. शालिकराम खाणीत नमुने काढायचा. ढिगाऱ्यातून एक दगड उचलायचा, तळहातावर दोनदा झेलायचा, आणि हाताला जे वजन कळलं त्यावरून आत किती माल आणि किती माती ते सांगायचा. मग तो फोडून पिशवीत घालायचा, चिठ्ठी बांधायची, पिशवी ऑफिसात पोचवायची. बाबू पावणेबाराला डबा उघडायचे आणि जेवताना एकेक ओळ हिंदीत करून सांगायचे. वर्षभरात पुस्तक संपलं. पुन्हा पहिल्यापासून झालं. आपण निवडलेला दगड गोंदियाला जातो, तिथून बंदरावर, तिथून बोटीने त्या मुलखात, आणि तिथल्या भट्टीत वितळतो, हे शालिकरामला कळलं तेव्हा त्याला वाटलं, मग आपण गेलोच की. आपल्या तळहाताचा घाम तर पोचला.

आणि पंचावन्न साली खरं काय झालं, तर रुख्माबाईशी एका कोंबडीवरून भांडण होऊन तो रुसून लांजीला बहिणीकडे जाऊन बसला होता. चार महिने. बहिणीने धान रोवून घेतलं, धान कापून घेतलं, आणि मग म्हणाली, “दादा, आता घरी जा ना बा.” बायकोवर रुसून चार महिने बहिणीच्या घरी राहिलो हे गावात कोणत्या तोंडाने सांगायचं? बसमधून उतरता उतरता पहिल्याच माणसाने विचारलं, कुठं गेलता, आणि तोंडातून निघून गेलं, “बर्गनले.” रुख्माबाई दारात उभी होती. तिने ऐकलं. ती इतकंच म्हणाली, “थकले असान. हात धुवा.” तेव्हापासून आजपर्यंत तिने त्या बाबतीत तोंड उघडलं नव्हतं.

चप्पल डेपोच्या फाटकाशी सापडली. एक कुत्रं तिच्यावर हनुवटी ठेवून ऊन खात होतं. शालिकराम शेजारच्या ओंडक्यावर बसला, काटा नखांनी ओढून काढला, आणि त्याची वाट बघत राहिला, म्हणजे दुखण्याची. दुखणं आलं नाही. कुत्र्याने एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

तसं त्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पोटरीवर रुपयाएवढा एक फिकट डाग आला होता. तिथे घाम येत नव्हता, केस गळून गेले होते. परड्यात, कोणी नसताना, त्याने रुख्माबाईची गोधडी शिवायची सुई घेऊन टोचून पाहिली होती. सुई आत जात होती आणि तो तिथे नव्हता. मग डाव्या हाताची करंगळी गेली. म्हणजे होती जागेवर, पण तिच्यापर्यंत आता कुठली बातमी पोचत नव्हती, आणि शेजारची बोटंही एकेक करून तिच्याच वाटेला लागली होती. महारोग. हा शब्द त्याने मनातसुद्धा पुरा उच्चारला नव्हता. अर्ध्यावर येऊन तो वळायचा आणि बर्गनला निघून जायचा. दवाखान्याच्या मागच्या आवारात निंबाच्या झाडाखाली दर सोमवारी टेबल मांडून डॉक्टर बसायचा आणि गोळ्या द्यायचा. फुकट. पण ते निंबाचं झाड रस्त्यावरून दिसायचं. कोण बसलंय ते येणारा-जाणारा बघायचा. ‘निंबाखाली बसला’ एवढं एखाद्याविषयी बोललं गेलं की त्याच्या घरचं पाणी बंद, त्याच्या पोरीला दारात पाहुणा नाही. आणि येत्या रविवारी कटंगीहून त्याच्या मुलीला, सरिताला, बघायला पाहुणे येणार होते. मुलगा बाबूलाल, शाळेत मास्तर. धानाची चार एकर. सरिता एकोणीस वर्षांची झाली होती आणि याआधी दोन ठिकाणचे होकार काही न कळता विरून गेले होते. ‘लग्न होऊ दे,’ शालिकरामने कुत्र्याला सांगितलं. ‘साक्षगंध झालं, लग्न झालं, पोट्टी गाडीत बसली, का मी निंबाखाली बसतो.’ तोवर किती बोटं जातील याचा त्याने हिशेब केला नाही.

गुरुवार, शुक्रवार तो घरातच राहिला. खाटेवर पडून डोळे मिटले की शहर सुरू व्हायचं. हे नेहमीचंच होतं, पण आता त्यात काहीतरी बिघडलं होतं. आधी मासळीबाजार, ओल्या ताडपत्र्या, खोक्यांतल्या बर्फावर चांदीसारखे मासे आणि त्यांच्याकडे डोळा ठेवून बसलेले पांढरे समुद्रपक्षी. तिथून उजवीकडे लाकडी घरं. मग दोन बुरुजांचं दगडी देऊळ, सगळ्यांत जुनं. तिथे पायऱ्यांवर क्षणभर टेकायचं. मग डोंगरावर चढणारी ती गाडी. एकाच दोराला दोन डबे. एक वर निघाला की दुसरा खाली येतो, अर्ध्यात दोघांची भेट. हे बाबूंना समजावता येत नव्हतं तेव्हा शालिकराम हसला होता: यात काय, आपल्या खाणीच्या उतारावर तेच तर आहे, भरली डोली खाली आली की रिकामी वर. त्या डब्यात तो नेहमी लहानग्या सरिताला मांडीवर घेऊन बसायचा. सरिता शाळेचा रस्ता शिकण्याआधी बर्गन शिकली होती. वर पोचलं की खाली सगळं शहर, सात डोंगरांच्या ओंजळीत धरलेलं पाणी, आणि पाण्यावर बोटी. कधी कधी ती वैनगंगाच असायची, पलीकडच्या तीरावर कोणी तरी म्हशी धुवत असायचं, आणि पाऊस दोन्हीकडे सारखाच.

पण आता या दोन दिवसांत, देवळाच्या पायऱ्यांवरून उठलं की डावा पाय डोंगराच्या गाडीकडे वळेना. तो आपला आपण दुसऱ्याच गल्लीत शिरायचा. त्या गल्लीचं चित्र नोव्हेंबरच्या पानावर होतं. पांढरी लाकडी इमारत, कौलारू, साधी. बाबूंनी ते पान उलटताना आवाज खाली आणला होता. “ये महारोगियों का अस्पताल है. बहुत पुराना. अब खाली है.” आत एक लांब दालन, दोन्ही बाजूंना बुटक्या दारांची रांग, वर सज्जा, तिथेही दारं, एकेका खोलीत दोघं. सगळ्यांची चूल एक. शेजारी त्यांचंच देऊळ. आणि याच शहरात एका डॉक्टरने काचेखाली त्या रोगाचा किडा पहिल्यांदा पाहिला, असं पुस्तकात होतं. तेव्हा शालिकरामच्या अंगावर कसलाच डाग नव्हता. त्याने निवांतपणे डिसेंबर उलटला होता. तेरा वर्षं तो गावाला बर्गन दाखवत आला आणि त्या गल्लीच्या तोंडावरून, हसत, लोकांचं लक्ष बोटींकडे वळवत, पुढे जात आला. आता पाय तिथे जाऊन उभा राहायचा. दार उघडं असायचं. आत कोणी नसायचं, पण नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी ऊब असायची.

“पाणी काढलं,” रुख्माबाई म्हणायची. अलीकडे त्याच्या अंघोळीचं पाणी तीच काढायची. बादलीत कोपरापर्यंत हात घालून बघायची, थंड ओतायची, पुन्हा बघायची. त्याला वाटायचं, म्हातारपणी बाई मऊ झाली. शनिवारी ती पाण्यात हात धरून जरा जास्तच वेळ वाकून राहिली, आणि उठली तेव्हा त्याच्याकडे न बघता म्हणाली, “पाय मी धुतो आज.” टाचेची जखम तिने हळदीने भरली, चिंधी बांधली. कसं लागलं, विचारलं नाही. खाणीत वीस वर्षं दगड निवडलेली बाई ती. हाताला काय कळतं आणि काय कळत नाही हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. शालिकराम छपराकडे बघत राहिला. बोलला असता तर तेव्हाच बोलला असता.

रविवारी दुपारी पाहुणे आले. मुलाची आई मैनाबाई आणि तिचा मोठा भाऊ महागू. मैनाबाई उंच, हाडापेराची विधवा बाई होती, डोक्यावरून घट्ट पदर, हातात अडकित्ता. नवऱ्यामागे शेती एकटीने ओढलेली. बोलायची कमी, सुपारी कातरायची जास्त. सरिता समोर येऊन बसली, नाव सांगितलं, आठवीपर्यंत शिकली सांगितलं. महागूने विचारलं, “सैपाक येते का?” मैनाबाई म्हणाली, “तुमी काहून इचारता, तुमाले खाचं हाय का?” आणि सरिता खुदकन हसली. जमतंय, शालिकरामला वाटलं. जमतंय बहुतेक.

“शालिकभाऊ,” महागू मांडी ठोकत म्हणाला, “तुमची लय कीर्ती ऐकली बा. दर्यापारचं गाव पाहून आले म्हंते. आमाले बी फिरवा ना.”

सरिता चहा घेऊन आली. पितळेचे पेले, चुलीवरून आत्ता उतरलेला चहा. महागूने पेला धोतराच्या सोग्यात धरला, ‘आईगं’ म्हणून जमिनीवर ठेवला आणि फुंकर घालत बसला. मैनाबाईने हातच लावला नाही. शालिकरामने पेला घेतला, डाव्या हातात, आणि बोलायला लागला.

तो त्या दिवशी जसा बोलला तसा कधी बोलला नव्हता. मासळीबाजारात त्याने त्यांना अशी गर्दी दाखवली की महागूने पाय आखडून घेतले. तिथला पाऊस असा की आंधळी माणसं छपरांच्या आवाजावरून गल्ली ओळखतात. “अन् एक दिवस पाऊस थांबला,” तो म्हणाला, “तं घोडे भेले, गाडी वढेनात. हौ! पालिकेच्या मानसायनं नळ्या आनून पानी उडवलं, तवा घोडे चालले.” महागू गडगडून हसला. दारामागून सरिताचं हसणं ऐकू आलं. शालिकरामने त्यांना लाकडी घरांच्या बोळातून नेलं, भिंत व्हायला लावलं, राजाच्या महालात जेवू घातलं, देवळाच्या पायऱ्यांवर बसवलं. आणि तिथून उठला तेव्हा, बोलता बोलता, त्याला दिसलं की आपण गाडीकडे निघालोच नाही. आपण त्या गल्लीत आहोत. पाहुणेही मागोमाग येताहेत. आता मागे फिरायचं तर का फिरलो ते सांगावं लागेल.

“तिथं एक दवाखाना हाय,” तो म्हणाला. आवाज त्यालाच लांबून आला. “लाकडाचा. पांढरा. आपल्या इकडं ज्यायले घराबाहेर काढते ना, त्या रोगाच्या लोकायचा.”

रुख्माबाई चुलीपाशी थांबली. मैनाबाईचा अडकित्ता सुपारीत अर्धा रुतून राहिला.

“मी आत गेलतो. लांब दालन, दोन्हीकडं खोल्या. बाई, काय सांगू, राजावानी राह्यते थे लोक. खिडकीत फुलांच्या कुंड्या. सांजेले सगळे मिळून गाने म्हंते. कोनी रडत नाही. मी इचारलं एका म्हाताऱ्याले, बाबा, घरची याद येते का? तो हसला. म्हने, कोनतं घर? घर विसरून जाते थे लोक, एकदा आत गेले का. दुखतच नाही त्यायले काही.” तो बोलत होता आणि बुटकी दारं एकेक उघडत होती, आणि प्रत्येक दारात दोन खाटा होत्या, एक भरलेली, एक रिकामी, आणि रिकाम्या खाटेवर गोधडी रुख्माबाईच्या हातची. “बायको नाही, पोरगी नाही, कोनाचीच याद नाही. मोठी सुखाची जागा हाय ती. मानूस तिथं गेला, का इकडच्यायचं बी ओझं उतरलं.”

महागू चहाकडे बघत होता. त्याने तो अजून उचललाच नव्हता. मैनाबाईने अडकित्ता बाजूला ठेवला. ती उठली, दोन पावलं पुढे आली, खाली बसली, आणि शालिकरामच्या बोटांकडे बघत राहिली, वाफाळत्या पितळेभोवती ती अशी निवांत मिटलेली होती, नदीतला गोटा धरावा तशी. मग तिने पदराचा बोळा केला, त्याच्या हातातून पेला सोडवला आणि जमिनीवर ठेवला. त्याची चार बोटं लालबुंद झाली होती.

“बाई,” महागू घाईने म्हणाला, “आपली गाडी...”

“जाऊ द्या गाडी.” तिने भावाकडे पाहिलंही नाही. तिचा आवाज एकदम मोठा झाला, शेजारच्या घरी जाईल इतका, आणि तिने तो खाली आणला नाही. “आमच्या पोराचा बाप अकरा वर्स वावरातल्या खोपडीत होता. हाच रोग. गावाले सांगितलं, राखन करते. मी भात नेऊन वावराच्या धुऱ्यावर ठेवत होतो अन् मागं सरत होतो. रोज इचारे, बाबूलाल आज काय जेवला. त्याच्या दाताले कीड लागली होती, थे बी याद त्याले. मराच्या दिवशी इचारलं. कोनी इसरत नाही. अन् तुमी म्हंता घर इसरते? खोटं! साफ खोटं! तुमी कई गेलेच नाही तिथं, समधी. अजून जाचं हाय तुमाले. उद्या सोमवार हाय, निंबाखाली. चाला, मी बसतो तुमच्या बाजूले.”